दोन फुटांची टाकी

१२ जानेवारी

धाकट्या,

हे पत्र दुकानात उभ्याने वाचू नकोस, बसून वाच. फोन मी आता सोडूनच दिलाय. कानात यंत्र घालूनही निम्मंच कळतं, आणि घंटी वाजलेली तर कळतच नाही. त्यापेक्षा पत्र बरं. तू टाळाटाळ केलीस तरी ती कागदावर दिसते.

काम आपल्या पैलवानाचं आहे. सख्ख्या भावाला बघून तुला तीन वर्षं झाली. आता सत्तेचाळीसचा झालाय, पण आहे तसाच. आई म्हणायची ना, देवाने याचं अंग मोठ्या मापाचं बेतलं आणि अक्कल बेतायची वेळ आली तेव्हा कापड संपलं. सकाळी सहाला उठतो आणि चालायला लागतो. आपली गल्ली, मग टपाल कचेरी, मग शाळेची भिंत, मग परत. अशा चौदा फेऱ्या. पाऊस असो, ऊन असो. चौदा झाल्या की घरी येऊन शहाण्यासारखा बसतो, एकही कमी झाली तर हात चावतो.

हल्ली मध्येच दातांच्या डॉक्टरांकडे शिरतो. त्यांच्या बाहेरच्या खोलीत समुद्रातल्या माशांची मोठी टाकी आहे, तिच्यात एक पिवळाधमक मासा आहे. हा त्याच्यासमोर जाऊन तासतासभर उभा. परवा एक बाई घाबरली, आरडाओरडा झाला. तो कुणाला बोटही लावत नाही, पण सहा फुटी माणूस काचेला नाक लावून हसत उभा राहिला की लोकांचं काय चुकलं? डॉक्टर भले आहेत. त्यांची मदतनीस नाही.

म्हणून म्हटलं, टाकी घरीच आणावी. शिवणाच्या मशीनशेजारी जागा आहे. काचवाल्याने टाकी बनवून दिली तर ती चोवीस इंच लांब, बारा रुंद, चौदा उंच बसेल. माझ्या टेपने मोजलंय. त्यात तो पिवळा मासा आणि आणखी चारपाच रंगीत कुठले ठेवता येतील ते कळव. तू आयुष्य घातलंस त्यात, आम्हाला काय कळतंय.

आणि हो, तो रोज विचारतो, धाकट्याकडे कधी जायचं. महिनाभर नेशील का त्याला?

तुझी ताई

२० जानेवारी

ताई,

नमस्कार आधी, भांडण नंतर.

चोवीस इंचांत पिवळा मासा? अगं, तू एवढी मापाची माणूस! माझ्या दुकानाचा नियम ऐक. गिऱ्हाईक आलं की मी आधी दोरा मागतो. घरच्या टाकीच्या लांबीएवढा दोरा कापून आणायचा. तोंडी माप मी घेत नाही, कारण दुकानात पाऊल टाकलं की प्रत्येकाची टाकी फूटभर वाढते. दोरा काउंटरवर पसरला की मी सांगणार, कुठला मासा मिळेल आणि कुठला मिळणार नाही. रागावून जातात काहीजण. जाईनात का. तुझ्या टेपवर माझा विश्वास आहे, तुला दोरा माफ.

तुझ्या मापात पाणी बसतं सहासष्ट लिटर. त्यात वाळू आणि दगड जागा खाणार, उरलं पन्नास. आता लक्षात ठेव, दुकानात दिसतो तो मासा म्हणजे पोर असतं. दोन इंचांचा पिवळा आणशील, तो सात-आठ इंचांचा व्हायचा असतो. समुद्रात तो दिवसभर खडकावरचं शेवाळ चरत हिंडतो. चार फुटांच्या खाली मी तो कुणाला देत नाही, आणि खरं विचारशील तर चारही कमीच. लोक म्हणतात, लहान टाकीत मासा लहानच राहतो. अर्धं खरं आहे. तो वाढायचा थांबतो, पण आतून मरायला लागलेला असतो म्हणून थांबतो. अंथरूण पाहून पाय पसरावेत म्हणतात. माशाला पायच नाहीत, तो बिचारा काय पाहणार? पाहायचं आपण.

तुझ्यासाठी हे: नारिंगी-पांढऱ्या पट्ट्यांच्या क्लाउन माशांची एक जोडी. समुद्रातून पकडलेली नाही, टाकीतच जन्मलेली घे. ती दोघं एका कोपऱ्यात संसार मांडतात, त्यांना हिंडायचं नसतंच. सोबत एक गोबी, वाळूवर बसून राहणारा. बस. चौथा मागू नकोस. निळे डॅमसेल कुणी स्वस्तात देईल, घेऊ नकोस, एक नंबरचे भांडकुदळ. आणि हिरव्या-निळ्या नक्षीचा मँडरिन दाखवतील, तुझ्याकडे कपडे शिवायला येणाऱ्या बायकांना तशी साडी हवीशी वाटेल असा, पण तो फक्त दगडातले जिवंत किडे खातो. तुझ्या टाकीत तो उपाशी मरेल.

मासे लगेच सोडायचे नाहीत. खारं पाणी भरून, दगड घालून सहा आठवडे नुसतं मुरू दे. आणि वाफ होते ती पाण्याची, मिठाची नाही. म्हणून रोज पातळी उतरेल तेवढं साधं पाणी घालायचं, खारं नाही. हे काम पैलवानाला दे. काचेवर रेघ मारून ठेव.

त्याला इकडे आणायचं नंतर बघू. सध्या माल उतरायचे दिवस आहेत, मला मान वर करायला फुरसत नाही.

धाकटा

९ मार्च

धाकट्या,

तुझ्या हुकमाप्रमाणे सगळं केलं. सहा आठवडे आम्ही दोघं नुसत्या पाण्याकडे बघत बसलो. शेजारची मास्तरीण विचारायची, मासे कुठायत? मी म्हणायचे, यायचे आहेत, आधी पाण्याला संस्कार लावतोय.

आता जोडी आली आहे. गोबीही आला आहे, आळशी मेला. शिवणाच्या खडूने काचेवर रेघ मारली, आणि पैलवान रोज सकाळी तांब्याने साधं पाणी घालतो. थेंबथेंब. रेघेला पाणी टेकलं की टाळ्या वाजवतो. एवढ्या मोठ्या हातांनी इतकं हळू काम होताना तू बघायला हवं होतंस.

पण चौदा फेऱ्या त्याने सोडल्या नाहीत. मला वाटलं होतं, टाकी आली की घरात रमेल. अर्धा तास रमतो. मग उठतोच. मी परवा दाराला आतून कुलूप घातलं, गंमत म्हणून, राहतो का बघावं. राहिला नाही. दारावर डोकं आपटत राहिला. मी उघडलं.

माझं ठीक आहे. थोडी दमते. शाळेच्या गणवेशांचं काम यंदा परत केलं.

आता एक विचारते, ओरडू नकोस. दातांचे डॉक्टर दवाखाना बंद करून मुलाकडे चाललेत. टाकी मुलाने घ्यायची नाही म्हटलं. पिवळा मासा ते कुणालातरी देणार आहेत आणि पैलवानाला देतो म्हणाले. चांगला तळहाताएवढा आहे. काही दिवसांपुरता आमच्यात ठेवला तर? मग मोठ्या टाकीचं बघू.

ताई

१५ मार्च

ताई,

नाही.

"मग मोठ्या टाकीचं बघू" हे वाक्य मी वीस वर्षं ऐकतोय. वीस वर्षांत एकाही माणसाने मोठी टाकी घेतलेली नाही. मासा आधी मरतो आणि मग माणूस येऊन सांगतो, काहीतरी रोग झाला होता बहुतेक. रोगबीग काही नसतो. जागा नसते.

मोठ्या टाकीत वाढलेला मासा तू दोन फुटांत टाकलास तर काय होईल सांगतो. पहिले दोन दिवस कोपऱ्यात उभा राहील. मग काचेवरून इकडून तिकडे, इकडून तिकडे, थांबणारच नाही. डोक्यावर खड्डे पडतील, रंग उतरेल. तुझ्या जोडीला मारेल. मग खाणं सोडेल. खाणं सोडलं की संपलं. डॉक्टरांना सांग, मोठ्या टाकीवाला कुणी शोधा, आणि सापडला नाही तर मला कळवा, मी स्वतः येऊन घेऊन जाईन. एका माशासाठी मी सात तासांचा प्रवास करीन, पण हे पाप माझ्या बहिणीच्या घरी होऊ देणार नाही.

दमतेस म्हणजे काय? रक्त तपासून घे.

धाकटा

२६ एप्रिल

धाकट्या,

पत्राला उशीर झाला, कारण लाज वाटत होती.

मासा मी आणला. डॉक्टरांची सामानाची गाडी दारात उभी होती, पैलवान बादलीला मिठी मारून बसला होता, आणि तुला कळवून तू येईपर्यंत ते थांबणार नव्हते. एकोणीस दिवस जगला. तू लिहिलं होतंस तसंच सगळं झालं, त्याच क्रमाने. मी रोज तुझं पत्र काढून बघायचे, आज कुठल्या ओळीवर आलोय.

एक तू लिहिलं नव्हतंस. पैलवान त्याच्याबरोबर चालायचा. मासा डावीकडे गेला की हाही दोन पावलं डावीकडे, मासा वळला की हा वळणार. काच आली की म्हणायचा, "रस्ता संपला." दिवसातून किती वेळा ते मोजणं मी सोडून दिलं. शेवटच्या आठवड्यात माझ्या मागे लागला, "ताई, याला बाहेर सोड, याचा रस्ता संपला." बाहेर कुठे सोडू सांग.

क्लाउनमधली मादीही गेली. त्यानेच फाडली.

ताई

२ मे

ताई,

तुझं पत्र वाचलं आणि त्या दिवशी दुकान लवकर बंद केलं.

तुला माहीत होतं. अडाणी गिऱ्हाईक असतं तर मी समजलो असतो. तुला मी ओळीओळीने लिहून दिलं होतं, आणि तू ते पत्र हातात धरून त्याला मरताना बघितलंस! मुका जीव आहे, त्याला म्हणता येत नाही की मला इथे ठेवू नका. त्याच्या वतीने कुणी म्हणायचं? ज्याला कळतं त्याने. ज्याला कळतं आणि तरी जो डोळेझाक करतो, त्याला मी दुकानाची पायरी चढू देत नाही. तू बहीण आहेस म्हणून फक्त पत्र लिहितोय.

उरलेला नर एकटाच राहू दे. नवीन काही आणू नकोस. निदान एवढं तरी ऐक.

धाकटा

९ मे

धाकट्या,

बरं केलंस रागावलास. तुझा राग वाचून मला धीर आला. म्हटलं, याला कळतं.

आता मी तुझ्यापासून काय लपवलं ते सांगते. जानेवारीतच मला पोटात गाठ आहे म्हणून कळलं होतं. टाकीचं खूळ त्यातूनच निघालं. मला बघायचं होतं, पैलवान एका खोलीत राहू शकतो का. राहू शकत नाही, हे मार्चमध्येच कळलं. पुढच्या महिन्यात माझं मोठं ऑपरेशन आहे. त्यानंतर महिनाभर तरी मी दवाखान्यात, पुढे अंथरुणाला, आणि मग काय ते कुणाला ठाऊक. मास्तरीण चार दिवस बघेल, चार महिने नाही बघणार.

एक निवासगृह मिळालं आहे. तुझ्या शहराहून बसने दोन तास, माझ्याकडून सात. जाऊन आले. माणसं वाईट नाहीत, थकलेली आहेत. खोली मी टेपने मोजली. दहा फूट लांब, आठ रुंद, खाटा तीन. दोन खाटांच्या मध्ये एकवीस इंच. बाहेर आवार नाही, समोर थेट मोठा रस्ता, म्हणून दाराला कुलूप. गच्चीला कुलूप. चालायला एक व्हरांडा आहे, सोळा पावलांचा, त्यात बावीस माणसं.

हा घे माझा दोरा. काउंटरवर पसर आणि सांग, यात आपला पैलवान बसतो का.

तुझ्याकडे दुकानावर दोन खोल्या आहेत आणि खाली बंदराचा लांबच लांब धक्का आहे. लहानपणी तू म्हणायचास, मोठा झालो की याला समुद्रावर नेईन. मी भीक मागत नाही, पण मागतेही आहे. तीन महिने. मी बरी झाले तर परत नेईन.

नाहीच जमलं, तर सोबतचा फॉर्म भर. त्यात दुसऱ्या नातेवाइकाची सही आणि पत्ता लागतो, मला काही झालं तर कळवायला. निदान ती सही कर.

ताई

२७ मे

ताई,

तुझं पत्र आल्यापासून झोप नाही. गाठीचं मला आधी सांगायला नको होतंस का? ऑपरेशन कोण करणार, चांगला माणूस आहे का? एवढा उशीर उत्तराला झाला, कारण रोज लिहायला घेतो आणि फाडतो.

पैलवानाचं म्हणशील तर, तीन वर्षांपूर्वी तो आला होता तेव्हा काय झालं ते तू विसरलीस. त्याने मोठ्या टाकीत दोन्ही हात घातले, टाकी खाली आली, दुकानभर काच आणि खारं पाणी. त्याला कुणी दोष देत नाही. पण माझी बायको तेव्हा सातव्या महिन्यात होती, ती घसरली, आणि पुढे काय झालं ते तुला माहीत आहे. ती त्याच्याबद्दल वाईट बोलत नाही. फक्त तो येणार म्हटलं की ती खोलीचं दार लावून घेते. मी तिला सांगू कसं?

आणि तू माशाशी तुलना केलीस ते मला बोचलं. मासा वेगळा, माणूस वेगळा. माणसाला सवय होते. तिथे त्याच्यासारखी माणसं आहेत, वेळेवर जेवण आहे. पहिले काही दिवस जड जातील, मग रुळेल. उगाच मनाला लावून घेऊ नकोस.

फॉर्म परत पाठवतोय. सही केली नाही, रागावू नकोस. ओळखीच्या वकिलाला दाखवला. तो म्हणाला, एकदा सही केली की उद्या ते माणूस तुमच्या दारात आणून सोडू शकतात. मी सही न करता जे करायचं ते करीन. दर आठवड्याला जाऊन येईन. दोन तास म्हणजे काय मोठंसं? तुला शब्द देतो.

धाकटा

८ जून

धाकट्या,

लोकां सांगे ब्रह्मज्ञान, स्वतः कोरडे पाषाण. हे एकदाच म्हणते, परत म्हणणार नाही. तुझ्या बायकोचं दुःख मी विसरले नव्हते. पण तुझ्या दुकानातल्या त्या पिवळ्यांसाठी तू वकील गाठला असतास का, एवढंच मनात आलं.

दोन तारखेला त्याला पोचवलं. दुसऱ्या नातेवाइकाचा रकाना रिकामा ठेवला, ते कुरकुरले, पण घेतलं. मी निघाले तेव्हा तो व्हरांड्यात चालायला लागला होता. लोक आडवे येत होते, हा बाजूला होत होता, मुळीच रागावला नाही. मला बघून म्हणाला, "चौदा झाल्या की येतो." मी बरं म्हटलं.

सोळाला माझं ऑपरेशन आहे. वॉर्डचा पत्ता खाली दिला आहे. तू आता त्याला बघायला जा. त्याचा अंगरखा खांद्यात उसवला असेल तर तिथल्या बाईकडे सुई-दोरा मागून दोन टाके घाल. आणि काय दिसलं ते मला लिही, सगळं, बारीकसारीक. मी पडल्या पडल्या वाचीन.

ताई

३ जुलै

प्रिय ताई,

ऑपरेशन नीट झालं हे मास्तरणीच्या कार्डावरून कळलं, छातीवरचा दगड उतरला. आता तू फक्त आराम करायचा.

मागे दोनदा जाऊन आलो होतो, पण लिहायला जमलं नाही. परवा एक तारखेला पुन्हा गेलो. पैलवान एकदम मजेत आहे. तू उगाच घाबरत होतीस. मी पोचलो तेव्हा मागच्या अंगणात फेऱ्या मारत होता. मला लांबूनच ओळखलं, "धाकट्या!" म्हणून हाक मारली, सगळे वळून बघायला लागले. अंगाने जरा भरलाय. माझ्यासमोर जेवला, दोनदा वाढून घेतलं आणि वर माझ्या ताटात बोट घातलं. तिथल्या एका म्हाताऱ्याशी त्याची गट्टी जमली आहे, दोघं हात धरून हिंडतात. अंगरखा उसवला होता, मी चार टाके घातले. तू हसली असतीस माझे टाके बघून.

तुझी आठवण काढत होता, पण रडला नाही. म्हणाला, ताई बरी झाली की येईल.

म्हटलं होतं ना, सवय होते. आता निवांत झोप.

तुझा धाकटा

१५ जुलै

धाकट्या,

मी घरी आले आहे. बसून लिहिता येतं.

दाराच्या आत पाकीट पडलं होतं. निवासगृहाचं. वर तारीख बावीस जून. मास्तरीण माझं ऑपरेशन उरकल्यावर तुला कार्ड टाकून तिच्या आईकडे गेली होती, काल परत आली, त्यामुळे दार कुणी उघडलंच नव्हतं. पैलवान एकवीस जूनला गेला.

व्यवस्थापकांनी सगळं लिहिलं आहे. व्हरांड्यात जागा मिळेना म्हणून तो जिन्यावर वर-खाली करायला लागला. पडेल म्हणून त्यांनी जिन्याचं दार लावलं. मग दोन दिवस खाटेजवळ उभाच राहिला. मग जेवण बंद केलं. ताप आला, तिसऱ्या दिवशी संपलं. माझ्या नंबरावर त्यांनी चारदा फोन केला, रिकाम्या घरात वाजून वाजून थांबला असेल. मग हे पत्र टाकलं. दुसरा पत्ता नव्हता. तीन दिवस वाट पाहून त्यांनीच त्याचं सगळं आटपलं, हे आज फोनवर कळलं. त्याच फोनवर मी मास्तरणीकडून, भेटायला कुणी आलं होतं का, तेही विचारलं. वही बघून सांगितलं, कुणी नाही.

वॉर्डचा पत्ता मी त्यांना कळवायला हवा होता. मला सुचलं नाही. तू जाणार म्हटल्यावर गरज वाटली नाही. ही चूक माझी.

तुझं पत्र मला वॉर्डात पाच तारखेला मिळालं. वाचताना एका जागी अडखळले, कारण मागे अंगण नाही, मी बघून आले होते. मग मनाला म्हटलं, असेल कुठेतरी, आपल्याला दाखवलं नसेल. शेजारच्या खाटेवरच्या बाईला सगळं वाचून दाखवलं. ती म्हणाली, भाऊ गुणाचा आहे हो तुमचा. मी म्हटलं, आहे. त्या दिवशी पहिल्यांदा मी पोटभर जेवले. आठ दिवस मी त्या पत्रावर काढले, धाकट्या. डॉक्टर म्हणत होते, जखम चांगली भरतेय.

तू तिकडे का गेला नाहीस ते मला लिहू नकोस. मला माहीत आहे. गेला असतास तर एका नजरेत तुला सगळं कळलं असतं, आणि मग त्याला घरी आणावं लागलं असतं.

आज सकाळी तुझं ते पत्र चुलीत घालायला घेतलं. घातलं नाही. सगळं खोटं आहे, पण त्यात तो जेवतोय.

ताई